मंगळवारचे सर

बॉयलर रविवारी दुपारी आला आणि तात्यांच्या रानात उभा राहिला. सोमवारी दिवस मावळायच्या आत तो भाऊसोच्या रानात न्यायचा होता. तिथून पुढं आणखी नऊ घरं रांगेत होती. तेवढ्या वेळात तात्यांची सव्वा एकरातली हळद शिजून निघायला हवी होती. नाहीतर पुन्हा पाळी यायला तीन आठवडे, आणि तोवर खणून ठेवलेल्या ओल्या गड्ड्यांना बुरशी धरली असती.

बॉयलरला चार ड्रम होते. वाफ सोडली की पाऊण तासानं झाकणाच्या फटीतून वास यायला लागे, ओल्या मातीचा आणि कापराचा मिळून. मग तात्या शिडीवर चढत, एक हळकुंड उचलून या हातावरून त्या हातावर नाचवत खाली आणत आणि त्यात गवताची काडी खुपसत. काडी आरपार गेली की हात वर करत.

"ओता!"

तात्या सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्याला चोवीस वर्षं झाली होती. अजूनही दाढी केल्याशिवाय ते रानात पाय ठेवत नसत. पाटी उचलताना मात्र अलीकडं त्यांची एक वेगळीच तऱ्हा असे. आधी उजवा हात जांघेशी नेत, धोतर सावरल्यासारखं करत, तळवा तिथं दाबून धरत आणि मगच पाटी डाव्या खांद्यावर घेत. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा धोतराला जपतो.

खरं काय ते त्यांची बायको शकुंतलाबाई यांना ठाऊक होतं. त्या स्वतः पाटी उचलत नसत, कंबर धरते म्हणत. पालथ्या घातलेल्या पाटीवर बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत आणि मधूनमधून नवऱ्याकडं बघत.

तात्यांच्या जांघेत उजवीकडं गाठ होती. चार वर्षांपूर्वी ती लिंबाएवढी होती, आता पेरूएवढी झाली होती. खोकलं की बाहेर येई, उताणं पडून दाबलं की गुळगुळ करत आत जाई. तात्यांनी तिच्यासाठी स्वतःच एक पट्टा केला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी, आणि गाठीच्या जागी दाब यावा म्हणून कापडाची चौकोनी गादी. ती गादी शकुंतलाबाईंनी शिवून दिली होती, वाकळेला घालतात तशा बारीक, सारख्या टाक्यांनी. पट्टा आणि लंगोट गोठ्यात म्हशीच्या दावणीमागं वाळत. अंगणातल्या दोरीवर ते कधी आले नाहीत, कारण तिथं सुनेची नजर गेली असती.

आणि सून डॉक्टर होती. सगळ्या तालुक्यात हर्नियाचं ऑपरेशन करणारी तीच एक होती.

संयोगिता वाईची. लग्न होऊन आली त्याच दिवशी तात्यांनी तिला सांगितलं होतं, "दवाखान्यात जायाचं. डोक्यावर पदर-बिदर काय नगं. आमी मिलिटरीची मानसं." त्यांचा मुलगा वीरधवल सैन्यात कॅप्टन होता. वर्षातले दहा महिने तो सरहद्दीवर असे, त्यामुळं घरात तिघंच.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात संयोगिता साधी मेडिकल ऑफिसर होती. रुग्णालयाला ऑपरेशन थिएटर होतं, पण सर्जन नव्हता. जाहिरात निघायची, कुणी यायचं नाही. थिएटरात मोडक्या खाटा रचून ठेवल्या होत्या. अडलेली बाळंतीण असो की अपेंडिक्स फुटलेलं पोर, सगळ्यांना मिरजेचा दोन तासांचा रस्ता. मग एक योजना आली. साध्या डॉक्टरांनी सोळा आठवडे मिरजेत सर्जनच्या हाताखाली राहायचं आणि मोजकी ऑपरेशनं शिकायची. सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया, हायड्रोसील. त्यापुढचं नाही. संयोगितानं नाव दिलं.

त्या दिवसांत सुट्टीला घरी आली की ती खाटेच्या पायाला दोरा बांधून एका हातानं गाठी मारत बसे. तात्यांनी ट्रंक उघडून मिलिटरी बुटाच्या नाड्या आणून दिल्या.

"दोरा दिसत न्हाई मला. हिच्यावर मार, मंजे मलाबी बघाय येतंय."

ते समोर बसून मोजत. शंभर झाल्या की म्हणत, "आता डाव्या हातानं."

शिकून आल्यावर वर्षभर तिला एकटीनं ऑपरेशन करायची मुभा नव्हती. दर मंगळवारी तिला शिकवणारे मिरजेचे सर येत आणि टेबलाच्या पलीकडं उभे राहत. हात तिचे असत, नजर सरांची. थिएटर धुतलं गेलं, दिवे लागले. बाया आल्या. पुरुष येईनात. बाईमाणसापुढं धोतर सोडायचं कसं?

शेवटी तात्यांनी हरिबाला धरला. हरिबा त्यांच्यासोबत ओढ्यात पोहायला शिकलेला, वयानं बरोबरीचा, आणि त्याचा हर्निया साऱ्या गावाला चालताना दिसायचा.

"भरतीच्या येळंला शंभर जनांत नागडं उभं केलतं मला," तात्या म्हणाले. "सायेब म्हनायचा खोक. खोकलो. काय झालं? डागदर मंजे बाई न्हवं आन बाप्याबी न्हवं."

"तुला बोलाय काय जातंय गड्या," हरिबा म्हणाला. "तुझं कुटं काय भाईर आलंय?"

तात्या हसले.

संध्याकाळी अंगणात संयोगितानं खताच्या रिकाम्या पोत्यावर कोळशानं चित्र काढून हरिबाला समजावलं. पोटाची भिंत, तिच्यातली फट, फटीतून उतरणारं आतडं. हरिबा मान खाली घालून बसला होता. प्रश्न सगळे तात्यांनीच विचारले.

"दाबून आत जातंय तवर चालतंय न्हवं?"

"चालतं. पण भरवसा नाही."

"आन एखाद्या दिशी न्हाईच गेलं तर?"

"गाठ कडक झाली, दुखायला लागली, उलटी झाली, तर समजायचं आतडं अडकलं. मग सहा तास. सहा तासांत आलात तर बहुतेक सोडवता येतं. पुढं आतड्याचं रक्त बंद होतं आणि ते मरायला लागतं."

"सा तास," तात्या हरिबाकडं वळून म्हणाले. "ध्यानात ठेव."

हरिबाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या आठवड्यात तो पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टाके दाखवायला लागला, तेव्हा तात्यांनी त्याला हटकलं, "आरं बास की, बाया येत्यात पान्याला." त्या वर्षात एकतीस पुरुषांनी संयोगिताकडून ऑपरेशन करून घेतलं. त्यातल्या निम्म्यांना तात्या स्वतः बसमध्ये घालून घेऊन गेले होते.

"आन तुमी?" शकुंतलाबाई विचारत.

पुण्याचा मिलिटरी दवाखाना तात्यांना मोफत होता. पण हवालदार पुण्याला गेला म्हटल्यावर लोक काय बोलतील? म्हणतील, दुसऱ्याला सुनेकडं धाडतोय, सोता मातर पुन्याला पळतोय. बत्तिसावा माणूस मग तिच्याकडं आला नसता. तात्यांनी यातून वाट काढून ठेवली होती.

"हळद झाली की एका मंगळवारी जातो. सर असत्यातच. सरांस्नी म्हनतो, सूनबाईला जरा भाईर धाडा, आन माझं तुमी करा. दवाखाना तिचाच, हात तेवडा सरांचा. कुनाची मान खाली न्हाई."

सोमवारी दुपारी साडेबाराला तिसरी खेप ओतली तेव्हा एक गडी कमी होता. तात्यांनी वाफाळती पाटी दोन्ही हातांनी उचलली. जांघेवर हात ठेवायचा राहून गेला. पट्ट्याखालून काहीतरी सरकलं आणि तिथंच थांबलं.

ते पाटी खाली ठेवून पाल्याच्या ढिगामागं गेले. नेहमीसारखे उताणे पडले, पाय पोत्यावर टाकले, बोटांनी दाबायला लागले. शकुंतलाबाई ढिगाच्या अलीकडं पाला सारखा करायचं निमित्त करून उभ्या राहिल्या.

"गेलं का?"

"जाईल."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. ढिगामागून नुसता दात आवळून सोडलेला श्वास ऐकू आला. त्या ढिगाला वळसा घालून गेल्या. तात्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते.

"फोन लावते तिला."

"कुनाला?"

"संयोगिताला."

"शकू." तात्या कोपरावर उठले. "रोज ताट वाढती ती मला. उंद्या कुठल्या तोंडानं जेवायचं म्या तिच्या हातचं?"

"आवं पर सा तास म्हनली हुती ती."

"मिलिटरीत पाय मोडून दोन दिस चाललोय. उंद्या मंगळवारच हाय. सर धाला येत्यात. माझी शपथ हाय तुला, तिच्यापुढं बोललीस तर."

त्यांनी पट्टा घट्ट बांधला. अजून दोन खेपा राहिल्या होत्या. तात्या शिडीवर चढले, हळकुंड घेऊन उतरले, काडी खुपसली. शेवटचा ड्रम ओतला तेव्हा पाच वाजले होते. बॉयलर भाऊसोच्या रानाकडं निघाला आणि तात्यांनी बांधावर जाऊन उलटी केली.

संध्याकाळी संयोगिता आली तेव्हा ते सोप्यात खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"तात्या, काय होतंय?"

"वाफ लागली डोस्क्याला."

तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं. "नाडी जलद आहे. पोटात दुखतंय?"

"न्हाई."

"उलटी?"

"न्हाई. ऊन बाधलं."

सून जे विचारते त्याला तात्या खोटं उत्तर देतील, हे तिच्या मनातही आलं नाही. तिनं साखरमिठाचं पाणी करून आणलं. पिऊन भांडं परत देताना तात्यांनी विचारलं, "उंद्या मंगळवार न्हवं? सर येत्याल."

तिच्या पर्समध्ये शुक्रवारी आलेलं पत्र होतं. वर्ष पुरं झालं होतं. उद्यापासून सर येणार नव्हते, टेबलापाशी ती एकटीच उभी राहणार होती. पहिली तीन ऑपरेशनं नीट झाली की संध्याकाळी येऊन सगळ्यांत आधी तात्यांना सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. काल तिनं सासूला एवढंच म्हटलं होतं, "आत्या, मंगळवारी पुरणपोळी कराल का? का ते नंतर सांगते." शकुंतलाबाईंनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला होता आणि दिवसभर मनात महिने मोजले होते.

"हो, उद्या मंगळवारच," संयोगिता म्हणाली, आणि चेहऱ्यावरचं हसू दिसू नये म्हणून आत गेली.

सकाळी साडेसातला ती स्कूटीवरून गेली. तात्यांनी दाढी केली. वस्तऱ्यानं हनुवटीला दोनदा कापलं. शकुंतलाबाईंनी पहाटेच पुरण घातलं होतं. डबा भरून त्यांच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "मीबी येते."

"दोगं गेलो तर तिला कळंल. तू हळद पसर."

नऊच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. प्रत्येक खड्ड्याला ते दोन्ही हातांनी पुढच्या सीटची दांडी धरून अंग वर उचलत. शेजारच्यानं विचारलं, "मूळव्याध हाय का हवालदार?" ते म्हणाले, "व्हय."

थिएटरबाहेर एक लाकडी बाक होता. तात्या डबा मांडीवर घेऊन त्यावर बसले. आयाचं काम करणारी अंजना मावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन जाताना थांबली.

"आवं तात्या! डबा व्हय? द्या हिकडं, ठेवते मी."

"आसू दे. बसतो जरा. सुरू झालं का आत?"

"कवाचं. नवालाच पहिला पेशंट घेतला."

म्हणजे सर आज लवकर आले. तात्यांनी भिंतीला डोकं टेकलं. दारावरचा लाल दिवा जळत होता. सर बाहेर आले की उठायचं, बाजूला घ्यायचं, काय बोलायचं ते त्यांनी मनात दोनदा जुळवलं. दाराच्या गोल काचेतून कधीतरी हिरव्या टोप्या हलताना दिसत. पोटात कळ आली की ते डब्याची कडी मुठीत आवळून धरत. लोखंडी कडीचा वळ तळव्यावर उठला होता.

अकराच्या सुमाराला दुखणं एकदम कमी झालं. तात्यांना हायसं वाटलं. गाठ तिथंच होती, पण ठणका थांबला होता. अंग गार पडल्यासारखं वाटलं, ते त्यांनी पंख्यावर घातलं. ते जरा ताठ बसले. अंजना मावशी परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "सर कवा भाईर येत्याल?"

"सर? सर कुठलं आता!" मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमाला घरात सांगितलं न्हाई व्हय? सर आता येत न्हाईत. पत्र आलंय. आजपासनं सगळं मॅडमच. दोन हर्निया झालं, तिसरा टेबलाव हाय."

तात्यांनी दाराच्या गोल काचेकडं बघितलं.

"एकटीच करती?" त्यांनी मग विचारलं.

"एकटीच! भूल देनारं डाक्टर तेवडं भाईरचं. बाकी टाक्यापतुर सगळं मॅडम."

"बरं करती?"

"आता तुमीच इचारताय व्हय हवालदार? तुमीच न्हाई का आनलं सगळ्यांस्नी!"

तात्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मावशीला ते हसू वाटलं. पुढं कितीतरी दिवस ती सांगत राहिली, मी सांगितलं तवा लय खूश झालं हुतं तात्या.

ते बाकाला धरून उठले. डबा तिच्या हातात दिला. "पुरनपोळी हाय. गार हुईल."

"थांबा की, अर्ध्या तासात येतील मॅडम."

"मिरजंला जाऊन येतो जरा. काम हाय."

एसटी स्टँड तिथून दोनशे पावलांवर होतं. मिरजेची गाडी उभी होती. तात्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि तिथंच ओकले. हिरवट तपकिरी, शेणाच्या वासाचं. कंडक्टर ओरडणार होता, पण त्यानं तोंड बघितलं आणि त्यांना काखेत धरलं. "आरं, ह्ये मॅडमचं सासरं हायत. रिक्षा बोलवा रं!"

संयोगितानं तिसऱ्या पेशंटचा शेवटचा टाका घातला, हातमोजे काढले आणि बाहेर आली. अंजना मावशीनं तिच्या हातात डबा दिला आणि त्याच वेळी स्ट्रेचर आत आलं.

तिनं पडदा ओढला. नाडी एकशे तीस. पोट फुगलेलं. जीभ वाळलेल्या पानासारखी. तात्यांनी धोतराची गाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"तू न्हवं," ते म्हणाले. "सरांस्नी बलीव."

"सर नाहीत तात्या. हात सोडा."

"पोरी, तू न्हवं."

ती त्यांच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. मग प्रत्येक पेशंटला सांगे तसंच म्हणाली, "मी आता हात लावते आहे. दुखलं तर सांगा." तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला. मूठ सुटली.

धोतराखाली पट्टा होता. गाठ इतकी आवळली होती की सुटेना. तिनं कात्री घातली. ट्यूब तुटून बाजूला पडली आणि गादी तिच्या हातात आली. चौकोनी, मऊ, वाकळेच्या टाक्याची. तो टाका तिला ठाऊक होता. तिच्या अंथरुणावरच्या वाकळेला तोच टाका होता.

गाठीवरची कातडी जांभळी झाली होती. तिनं बोटं ठेवली.

"कधीपासून?"

टॉवेलखालून आवाज आला. "काल. साडेबारा."

आता सव्वाबारा वाजले होते. ती काल संध्याकाळी घरी पोचली, त्यांचं मनगट धरून उभी राहिली, तेव्हा सहा वाजायला पाच मिनिटं होती. हा हिशेब तिच्या डोक्यानं तिला न विचारता केला.

सलाईन, नाकातून नळी, प्रतिजैविकाची इंजेक्शनं, सगळं तिच्या हातांनी बिनचूक झालं. मग तिनं सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"उघडू नकोस," ते म्हणाले. "आतडं काळं पडलं असणार. ते कापून जोडायचं मी तुला शिकवलेलं नाही. शिकवायला हवं होतं असं आज वाटतंय, पण शिकवलेलं नाही. घेऊन ये. मी थिएटर तयार ठेवतो."

"काल सहाला असतं तर?"

"संयोगिता, निघ."

"काल सहाला असतं तर मला आलं असतं ना सर?"

"हो," सर म्हणाले. "ते तुला येतं."

रुग्णवाहिकेत ती त्यांच्या उशाशी बसली होती. सलाईनची बाटली वर टांगलेली, रस्त्याबरोबर हलणारी. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमागं गाडी पुन्हा पुन्हा हळू होत होती. तिची हिरवी टोपी अजून डोक्यावरच होती. तात्यांनी डोळे उघडून ती बघितली.

"किती झाली?"

"काय तात्या?"

"आज."

"तीन."

"एकटीनं?"

"हो."

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

तिनं टोपी काढून मुठीत धरली. त्यांनी बोटं हलवली. पुढं काही म्हणणार तोच उमासा आला. नळीतून तपकिरी पाणी पिशवीत उतरलं. मग ते डोळे मिटून म्हणाले, "लोकांस्नी सांग, डबा द्याया गेलो हुतो. तितंच झालं आचानक. हरिबालाबी तसंच सांग. न्हाईतर म्हनतील, ह्येनंच..."

"नका बोलू तात्या."

"मंजे येतील की तुज्याकडं मानसं. न्हाई येनार म्हनतील, तसं नगं."

सरांनी दीड हात काळं आतडं काढलं. पण विष रक्तात उतरलं होतं. वीरधवल विमानानं पुण्याला आणि तिथून टॅक्सीनं मिरजेला पोचला तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती, आणि तात्या जाऊन चार तास झाले होते. हरिबा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "डबा द्याया गेलता वो. नुसता डबा द्याया."

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी वीरधवल परत गेला.

हळद अंगणात ताडपत्रीवर पसरलेली होती. ती खालवर करायची राहिली होती. एका बाजूनं कडक झालेली, खालून अजून नरम. रविवार होता. दुपारी दोघी समोरासमोर बसून हातानं ती उलटत होत्या. हळकुंडं एकमेकांवर वाजत होती.

"लय दुखलं असंल का गं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

संयोगितानं एक हळकुंड मोडून बघितलं. आतून ते अजून ओलं होतं.

"शेवटी नाही," ती म्हणाली.

"त्येच्या आदी?"

"त्याआधी हो."

शकुंतलाबाईंनी मान हलवली. पुढची मूठ उलटली.

"त्यो पट्टा?"

"कापावा लागला. गादी आहे माझ्याकडं."

"माझा टाका हाय त्यो."

"ओळखला मी."

"मग काय बोलली न्हाईस मला. इतकं दिस झालं. एक शबुद न्हाई."

"मी काय बोलू आत्या? मीही सोमवारी सांगितलं नाही, सर येणार नाहीत म्हणून." तिनं मोडलेलं हळकुंड खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर ते रात्रीच मिरजेला गेले असते. तिथं तरी गेले असते."

शकुंतलाबाई ताडपत्रीवरून हात काढून बसल्या. मग दोन्ही गुडघे जुळवून, खांबाला धरून, एक हात ओटीपोटाखाली ठेवून त्या उठल्या. त्या नेहमी अशाच उठत. कंबर धरते म्हणत. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"संयोगिता. जरा आत ये. आन दार लाव."

सोप्यात उजेड कमी होता. ज्या खाटेवर तात्या भिंतीकडं तोंड करून पडले होते त्याच खाटेवर शकुंतलाबाई उताण्या झोपल्या होत्या, पाय जुळवून, हात पोटावर धरून.

"माझंबी अंग भाईर येतंय," त्या आढ्याकडं बघत म्हणाल्या. "वीरच्या पाठीवरचं गेलं तवापासनं. आदी काय वाटत नव्हतं. आता बसू देत न्हाई. कापड बांधते."

"तीस वर्षं?"

"त्यांनाबी सांगितलं न्हाई कदी."

संयोगिता मोरीत गेली. साबणानं दोनदा हात धुतले. नखांच्या कडा पिवळ्याच राहिल्या. पुसून ती खाटेच्या उशाशी आली आणि गुडघ्यांवर बसली. शकुंतलाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं होतं आणि पदर ओढून तोंडावर घेतला होता.

"बघ," पदराखालून त्या म्हणाल्या.

"आत्या, तोंडावरचं काढा. माझ्याकडं बघा."

पदर हलला नाही. श्वासाबरोबर तो तोंडाशी आत ओढला जात होता आणि पुन्हा वर येत होता.

संयोगितानं हात पुढं केला नाही. ती तिथंच, त्यांच्या डोक्याशी, पदर खाली यायची वाट बघत थांबून राहिली.